म्हातारपणी कोण बघणार? एमी कारमायकलचं प्रकरण

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्न लागलं, आशीर्वाद झाला, की जेवणाच्या मांडवात कुणीतरी मावशी माझ्याकडे वळतेच. मी पंचविशीत होते तेव्हा म्हणायच्या, "पुढचा नंबर तुझा हं." तिशीत म्हणायला लागल्या, "तुझं नाव प्रार्थनेत ठेवलंय." पस्तिशी उलटली तसं वाक्यच बदललं. आता भातावर रस्सा वाढून घेता घेता हळूच विचारतात, "बाकी सगळं ठीक आहे गं, पण म्हातारपणी कोण बघणार तुझं?"

पूर्वी राग यायचा. आता येत नाही. इतक्या वर्षांत मला विचारलेल्या प्रश्नांपैकी खरा प्रश्न तेवढा एकच आहे. बाकीचे सगळे कुतूहलापोटी होते. हा रात्री दोन वाजता माझा मलाही पडतो.

गेल्या वर्षी महिला मंडळात 'अविवाहित जीवनात समाधान' हा विषय माझ्याकडे आला. (विषय वाटणाऱ्या बाईंना फार डोकं खाजवावं लागलं नसणार, मंडळात अविवाहित मी एकटीच.) चार वचनं काढून, 'प्रभूच आपला सोबती' असं म्हणून पंधरा मिनिटांत मोकळं होता आलं असतं. तसली भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. घरी परतताना रिक्षात त्यातलं काही हाताशी उरत नाही. म्हणून मी एकाच बाईचं आयुष्य घेतलं, आणि मावशींचा तो एकच प्रश्न हातात धरून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. ती बाई म्हणजे एमी कारमायकल. जन्म 1867, उत्तर आयर्लंडमधलं मिलाइल नावाचं समुद्रकाठचं गाव. मृत्यू 1951, तमिळनाडूतलं डोनावूर. लग्न केलं नाही. 1895 मध्ये भारतात आली आणि त्यानंतरच्या 55 वर्षांत एकदाही मायदेशी गेली नाही.

मी तिला 'ती'च म्हणणार आहे. दोन महिने रोज रात्री सोबत काढल्यावर अहोजाहो जमत नाही.

घरातली मोठी मुलगी

सात भावंडांत ही थोरली. वडिलांच्या पिठाच्या गिरण्या होत्या. पुढे धंदा बसला आणि 1885 मध्ये वडील वारले. एमी तेव्हा सतरा वर्षांची. घर बेलफास्टला आलं होतं. तिथे कापडगिरण्यांत राबणाऱ्या मुली टोपी परवडत नाही म्हणून डोक्यावरून शाल घ्यायच्या, आणि सभ्य मंडळी चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसायला नाखूश असायची. एमीने त्यांच्यासाठी पत्र्याचं सभागृह उभं केलं. ही वीस-बावीस वर्षांची पोर, आणि पुढे जे करायचं त्याची रंगीत तालीम तिने इथेच केली. ज्यांना कुणी आपल्या बाकावर जागा देत नाही त्यांच्यासाठी हिने बाकच नवीन केले.

लहानपणची एक गोष्ट तिनेच सांगितलेली आहे. आपले डोळे निळे व्हावेत म्हणून तिने रात्री प्रार्थना केली आणि सकाळी धावत आरशापुढे गेली. डोळे तपकिरी ते तपकिरीच. 'नाही' हेसुद्धा उत्तर असतं, हे तिला तेव्हा कळलं म्हणतात. रविवारच्या शाळेत ही गोष्ट फार गोड करून सांगतात. मला त्यात आरशापुढे उभी असलेली ती लहान मुलगीच दिसत राहते.

मग रॉबर्ट विल्सन. इंग्लंडमधल्या केझिक इथे भरणाऱ्या ख्रिस्ती परिषदेच्या संस्थापकांपैकी एक, वयस्कर, पत्नी आणि मुलगी गमावलेले. त्यांनी एमीला लेकीसारखं घरी ठेवून घेतलं. तिने आपल्या नावात त्यांचं नावही काही काळ जोडलं होतं. आता ही म्हाताऱ्याजवळ राहणार, असंच सगळ्यांनी धरलं. 1892 च्या जानेवारीत तिला परदेशी जाण्याचं पाचारण झालं आणि हा बेत मोडला. विल्सनना फार लागलं. तिच्या ओळखीतल्या काहींनी तिला बोलही लावले.

ही जागा मी मंडळात मुद्दाम सावकाश वाचली. आपल्याकडेही लग्न न झालेली मुलगी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांची परस्पर झालेली सोय असते. भाऊ पुण्याला, वहिनीला नोकरी, धाकटी सासरी. आई-बाबांना दवाखान्यात कोण नेणार? 'ती आहे ना, तिला काय, मोकळीच आहे.' तिचं कोण बघणार हे विचारायच्या आधी तिने कुणाचं बघायचं ते ठरून गेलेलं असतं. एमीने ती वाटणी मोडली, रडत मोडली, आणि ते बरोबर झालं असं माझं मत आहे. दोन-तीन जणी माझ्याशी सहमत झाल्या नाहीत. एकीने तर वहीच मिटली.

अरिमाची गुहा

प्रकृतीचं कारण देऊन चीनला पाठवायला तिला नकार मिळाला होता, म्हणून 1893 मध्ये ती जपानला गेली. तिथे जेमतेम सव्वा वर्ष राहिली. डोकेदुखी आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने हैराण झाली. याच काळात कोबेजवळच्या अरिमाच्या डोंगरात ती एकटीच एका गुहेत जाऊन बसली. वय पंचवीस-सव्वीस.

ती तिथे का गेली, हे तिने कित्येक वर्षांनी डोनावूरच्या आपल्या एका मुलीला सांगितलं. तिला पुढच्या आयुष्याची भीती वाटत होती. सैतान कानाशी कुजबुजत होता की आत्ता ठीक आहे, पण पुढे काय? तू फार एकटी पडशील. आणि त्याने एकटेपणाची चित्रं काढून दाखवली. ती चित्रं अजून दिसतात, असं ती तेव्हाही, म्हातारपणीही म्हणाली. जवळजवळ हताश होऊन तिने देवाला विचारलं, मी शेवटपर्यंत कशी निभावू? उत्तर म्हणून तिला बायबलमधल्या 34व्या स्तोत्राचं शेवटचं वचन मिळालं: त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्यांपैकी कुणीही एकाकी पडणार नाही.

यात काय आहे आणि काय नाही, ते बघा. प्रेमभंग नाही. 'मला लग्नाची गरजच वाटत नाही' ही ऐट नाही. नवरा हवा की नको याची चर्चासुद्धा नाही. भीती आहे ती पुढची, म्हणजे मांडवातल्या मावशींचाच प्रश्न. फक्त इथे तो विचारणाऱ्याला तिने सैतान म्हटलंय. (मावशींनी मनावर घेऊ नये.)

दुसरं असं की भीती गेली असं ती कुठेच म्हणत नाही. चित्रं पुसली गेली नाहीत. त्यांच्या शेजारी एक वचन येऊन बसलं आणि पुढची पन्नासएक वर्षं दोन्ही एकाच घरात राहिली. 'समाधान' शब्द आपण व्यासपीठावरून वापरतो तेव्हा दुखणं मुळापासून गेलेलं असावं अशी अपेक्षा असते. प्रेषित पौल तरी तसं कुठे म्हणतो? फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, बंदिवासात बसून, आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असं तो लिहितो. शिकलो म्हणतो. शिकायला वेळ लागतो, चुका होतात, आणि शिकवणीची फीही भरावी लागते.

वचनाची भानगड

तयारी करताना मी मराठी पवित्र शास्त्र उघडलं आणि अडकले. 34व्या स्तोत्राच्या 22व्या वचनात 'एकाकी' कुठेच नाही. तिथे भाषा आहे ती दोषी ठरण्याची: त्याचा आश्रय करणारा कुणी दोषी ठरणार नाही. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं.

झालं असं की एमीच्या कानात 1611 सालचं जुनं इंग्रजी भाषांतर होतं, आणि त्यात तिथे उजाड, निराधार, एकटं पडलेलं अशा छटांचा शब्द आहे. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ मात्र दोषी ठरणं, दोषाचं फळ भोगणं याकडे झुकतो. नंतरच्या बहुतेक भाषांतरांनी तोच घेतला. म्हणजे ज्याच्या आधारावर या बाईने आख्खं आयुष्य काढलं ते वचन, आपण आज काटेकोर वाचलं तर, तिच्या प्रश्नाचं थेट उत्तर नाहीच.

हे सांगू की नको, असं मला आठवडाभर वाटत होतं. शेवटी सांगितलं. एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, "मग काय, तिची चूकच झाली?" मला तसं वाटत नाही, पण उत्तर सोपंही नाही. शब्द थोडा वेगळा निघाला तरी ती ज्याच्याकडे वळली होती तो तोच होता. आणि आपल्या मराठी शब्दातूनही मला काही दिवसांनी काहीतरी उमगलं. लग्न न झालेल्या बाईला आपल्या समाजात एकटं वाटतं त्याच्या कितीतरी आधी दोषी वाटायला लागतं. काहीतरी कमी असेल, काहीतरी केलं असेल, फारच निवड करत बसली असेल. 'दोषी ठरणार नाही' हे वचन मी आता त्या मांडवात जाताना मनात घेऊन जाते. एमीला तिच्या भाषेने जे दिलं ते तिचं, मला माझ्या भाषेने जे दिलं ते माझं.

पायातली बेडी

1895 च्या नोव्हेंबरात ती भारतात पोचली. आधी बंगळूर, मग तिरुनेलवेलीच्या बाजूला तमिळ शिकणं, आणि बायकांचा एक जथा घेऊन बैलगाडीने गावोगाव सुवार्ता सांगत फिरणं. त्या जथ्यात पोन्नम्माळ नावाची तरुण विधवा होती. पुढे एमीचा उजवा हात झाली. पौल करिंथकरांस म्हणतो तसं चाललं होतं: अविवाहित स्त्री प्रभूच्या गोष्टींची चिंता करते, तिच्यामागे संसाराचा व्याप नसतो. मोकळी.

1901 च्या मार्चमध्ये एका सकाळी पन्नैविळै गावातल्या बंगल्याच्या व्हरांड्यात ती चहा घेत होती. एक बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव प्रीना. देवळाला वाहण्यासाठी तिला तिथल्या बायकांच्या घरी ठेवलं होतं. आधी एकदा ती पळून आईकडे गेली होती. आईने परत सोपवली आणि शिक्षा म्हणून तिच्या हातांना डाग दिले गेले. आता पुन्हा पळाली होती. मुलगी सरळ येऊन एमीच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, मला इथेच राहायचंय.

आपल्याकडे मुरळ्या आणि जोगतिणी ठाऊक असलेल्यांना यातलं फार समजावून सांगायला नको. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा 1934 मध्ये झाला, मद्रासेत 1947 मध्ये. हे सगळं सुरू झालं ते त्याच्या कितीतरी आधी. पोलीस, कोर्टकचेऱ्या, मुलं पळवते म्हणून आरोप, सगळं झालं. त्यात इथे शिरत नाही.

प्रीनापाठोपाठ आणखी आल्या. मग तान्ही बाळं यायला लागली. सुरुवातीच्या वर्षांत त्यातली बरीच दगावली. फिरतं काम बंद पडलं. 1913 पर्यंत डोनावूरला 130 मुली होत्या, 1918 पासून मुलगेही. (डोनावूर हे नाव जर्मनीतल्या एका काउंट डोनाच्या देणगीवरून पडलेलं. 'ऊर' म्हणजे तमिळमध्ये गाव.) सुवार्तेसाठी आलेली बाई आता लंगोट बदलत बसलीय, हे काही मिशनऱ्यांच्या पचनी पडेना, आणि सुरुवातीला तिलाही ते सोपं गेलं नाही. तेव्हा तिने एक तमिळ म्हण पुन्हा पुन्हा उद्धृत केली: मुलं आईचे पाय बांधतात.

मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. 'तू काय बाबा मोकळी' हे आपण ऐकत असतो, आणि खरं सांगायचं तर त्या मोकळेपणाचंच ओझं होतं. रविवारी उपासना सुटल्यावर सगळे कुणाकुणाची वाट बघत फाटकाशी उभे असतात, आणि आपली वाट बघणारं कुणी नसतं. तो मोकळेपणा. एमीने तो जपून ठेवला नाही. ज्या दिवशी पाय बांधू देण्याचा निर्णय घेतला त्या दिवशी लग्न न करण्याचा सगळ्यात मोठा म्हणून सांगितला जाणारा फायदा तिने सोडून दिला. तिच्या समाधानाचा उगम शोधायचा तर मी गुहेइतकाच या व्हरांड्यातही शोधेन.

तिथल्या मुलांचे वाढदिवस बहुधा ठाऊकच नसायचे. म्हणून मूल ज्या दिवशी डोनावूरला आलं तो 'आल्याचा दिवस' एमी साजरा करायची. मुलं तिला अम्मा म्हणायची.

सात जणी

एमीचं उदाहरण दिलं की हमखास एक आक्षेप येतो: ती परदेशी बाई, तिला कोण विचारणार होतं लग्नाचं? तिचं चाललं. बरोबर आहे. गोरी मिशनरी अविवाहित राहिली तर लोक तो तिकडचा रिवाज समजायचे. 1827 मध्ये आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनमध्ये आलेल्या सिंथिया फरारबाई अविवाहितच होत्या. मुंबईत आणि नंतर अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांना कुणी स्थळं आणत नव्हतं.

म्हणून मी 1916 कडे वळते. त्या मार्चमध्ये डोनावूरच्या सात भारतीय तरुणी एकत्र आल्या आणि त्यांनी लग्न न करता मुलांच्या सेवेत राहायचं ठरवलं. मंडळाचं नाव 'समाईक जीवनाच्या भगिनी', चौदाव्या शतकात नेदरलँड्समध्ये गेरार्ड ग्रूटेने सुरू केलेल्या बंधुमंडळावरून घेतलेलं. आयुष्यभराची शपथ नव्हती. एखादीला पुढे लग्न करावंसं वाटलं तर मंडळातून बाहेर पडून ती करू शकत होती. 1916 साल, तमिळ खेड्याचा परिसर, जिथे लग्नाशिवायची बाई म्हणजे विधवा किंवा देवळाला वाहिलेली, एवढेच दोन खण. या सात जणींनी तिसरा खण उघडला. त्या एकत्र वाचत, एकत्र काम करत, एकत्र प्रार्थना करत. त्यांच्यापैकी एकही एकटीने समाधानी नव्हती. सात जणी मिळून होत्या.

इथेच माझी एक तक्रारही आहे. डोनावूरला अविवाहित राहणं हळूहळू वरच्या पायरीसारखं झालं. एमीची शिस्त कडक, मतभेद तिला फारसे सोसत नसत, आणि कार्यकर्ते दुखावून गेल्याचेही प्रसंग आहेत. पौल याच विषयावर इतका जपून बोलतो की हसू येतं: याविषयी प्रभूची आज्ञा मला मिळालेली नाही, मी आपलं मत सांगतो. प्रत्येकाला आपापलं कृपादान आहे, कुणाला एक, कुणाला दुसरं. तिचं समाधान मला पटतं, पण आपल्याला मिळालं ते दान इतरांच्या मापात बसवण्याची तिची ओढ मला पटत नाही. आपल्या मंडळ्यांत याचीच दुसरी बाजू चालते, लग्न हेच वरची पायरी. पायऱ्या मुळात कशाला हव्यात, हे दोन्हीकडचं कुणी विचारत नाही.

वीस वर्षांची खोली

आता मावशींचा प्रश्न.

24 सप्टेंबर 1931. एमी 63 वर्षांची. जवळच्या कळक्काडू गावात दवाखान्यासाठी घेतलेलं घर बघायला गेली होती. संडासासाठी खणलेला खड्डा भलत्याच जागी होता, संध्याकाळची वेळ, ती त्यात पडली. पाय मोडला, घोटा निखळला, पाठीला मार बसला. ती त्यातून कधीच नीट उठली नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षं बहुतेक त्या एका खोलीत गेली. 1948 मध्ये खोलीतच पुन्हा पडली, त्यानंतर पलंग सुटला नाही.

त्या दिवशी सकाळी तिने प्रार्थना केली होती म्हणतात, की तुझ्या सेवेला योग्य होण्यासाठी माझं काहीही कर. लोक हे मोठ्या भक्तीने सांगतात. मला ते जड जातं. खड्डा चुकीच्या जागी खणला होता, एवढं मला पुरे आहे.

तर म्हातारपणी तिचं कोणी बघितलं? ज्यांच्यासाठी तिने पाय बांधून घेतले होते त्यांनी. आळीपाळीने. अंघोळ, औषध, उशा, पत्रं, रात्रीची जाग. ज्यांचे लंगोट हिने बदलले त्यांच्या हातांनी हिच्या चादरी बदलल्या. अरिमाच्या गुहेत दिसलेलं चित्र असं निघालं. 'पुढे काय?' या प्रश्नाचं उत्तर तिला वचनातून शब्दात मिळालं होतं आणि चाळीस वर्षांनी माणसांच्या रूपात समोर उभं राहिलं. पण मधली चाळीस वर्षं तिला ते दिसत नव्हतं, हे विसरलं तर या गोष्टीचा अगदीच बालबोध होऊन जातो.

आणि त्या खोलीत आनंदीआनंद नव्हता. वेदना होत्या, झोप नसे. लोक तिला आजाऱ्यांसाठी छापलेल्या बोधपत्रिका पाठवायचे. तिने 1933 च्या एका पुस्तकात स्पष्ट लिहिलं की धडधाकट माणसांनी आजाऱ्यांसाठी लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचेना. म्हणून मग तिने आजाऱ्याने आजाऱ्यांसाठी लिहिलं. हे वाचून मी मोठ्याने हसले. अविवाहितांनी समाधानी कसं राहावं यावर मी जेवढी प्रवचनं ऐकलीत ती सगळी बायको-मुलं पहिल्या बाकावर बसलेल्या पाळकांनी दिलेली आहेत. चांगली माणसं सगळी. पण पोचत नाही.

डोनावूरच्या बागेत तिला पुरलं. तिच्या इच्छेप्रमाणे कबरीवर दगड नाही. पक्ष्यांना पाणी पिण्याचं एक भांडं आहे आणि त्यावर 'अम्मा' एवढंच.

केडगावकडून एक प्रश्न

शेवटी मी पंडिता रमाबाईंचा उल्लेख केला. एमी डोनावूरला मुलं गोळा करत होती तेव्हाच दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशनमध्ये रमाबाई दुष्काळातून वाचवलेल्या बायका आणि मुली सांभाळत होत्या. 1882 मध्ये, तेवीस वर्षांच्या असताना, त्या विधवा झाल्या आणि पुढची चाळीस वर्षं तशाच राहिल्या. पण त्यांना मुलगी होती. मनोरमाबाई शिकलेल्या, कर्तबगार, स्वतःही अविवाहित, आईच्या कामात आईइतक्याच बुडालेल्या. सगळ्यांच्या मनात वारस त्याच. मनोरमाबाई 1921 च्या जुलैत गेल्या. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये. मधले आठ-नऊ महिने आई मुलीशिवाय होती, आणि हिब्रू-ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर हातावेगळं करत होती.

हे सांगून झाल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. समोर बसलेल्या अर्ध्या बाया अशा, की ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात, दुबईत, नाहीतर हिंजवडीत. मी विषय अविवाहितांचा म्हणून आणला होता. तो कधी सगळ्यांचा झाला ते मलाही कळलं नाही.

मांडवातल्या त्या मावशी तिथेच होत्या. पंच्याहत्तरीच्या, दोन मुलगे, दोघेही लांब. चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता स्थळ सांगतील. त्या म्हणाल्या, "मागच्या पावसाळ्यात बाथरूममध्ये पडले होते. दीड तास तशीच. दार आतून बंद, बाहेर कुलूपवालापण नाही."

त्यावर आम्ही फार आध्यात्मिक असं काही केलं नाही. मावशी, मी आणि जिचा नवरा जहाजावर असतो ती आमची धाकटी मैत्रीण, तिघींनी आपापल्या घरांच्या जादा किल्ल्या करून एकमेकींना दिल्या. बाजारपेठेतल्या किल्लीवाल्याने तिघींचे मिळून दोनशे चाळीस रुपये घेतले. रोज रात्री नऊला तिघींच्या ग्रुपवर एक फुलाचं चित्र टाकायचं. कुणाचं आलं नाही तर साडेनऊला फोन. मावशींना फुलं टाकता येत नाहीत, त्या रोज अंगठाच टाकतात.

त्यांच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, तिला जुन्या नाताळच्या कार्डावरची सोनेरी दोरी बांधलेली. माझ्या घराची किल्ली त्यांच्या शोकेसमध्ये नातवाच्या फोटोमागे असते. आतापर्यंत त्यांनी ती एकदाच वापरलीय. मी संध्याकाळी उशिरा घरी आले तर फ्रिजमध्ये पावट्याच्या आमटीचा डबा आणि झाकणावर चिठ्ठी: 'मीठ कमी आहे, घालून घे.'